साडेतीन टनांच्या आत

आठ मार्चला मी गोठ्यातल्या वस्तू मोजल्या. एकूण बारा होत्या. भंगारात गेलेल्या एका पावाच्या व्हॅनमधल्या दोन ॲल्युमिनियमच्या फळ्या. बंद पडलेल्या वृद्धाश्रमातला एक पलंग, डोक्याकडची बाजू मोटरने वर होणारा. शहरातल्या बसचे चार पिवळे दांडे. एका कारवॅनची खिडकी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निघालेल्या दोन बॅटऱ्या. कोंबड्यांच्या शेडवरून उतरवलेलं एक सोलर पॅनल. आणि नदीतल्या बोटीच्या केबिनचं एक सरकतं दार, रुळासकट. पलंगाच्या पायावर खोलीच्या क्रमांकाची पट्टी अजून होती: १७.

गोठ्यात गाई नाहीत, माझ्या जन्माआधीच विकल्या. आता तिथे आमची घरगाडी उभी असते. सत्तावीस वर्षांची डिझेल व्हॅन, मागे खोली, छतावर गंजाचे तीन डाग. तिची नंबरप्लेट हंगामी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर. त्याआधी ती फाटकाबाहेर काढली की दंड. आमच्या गावात निम्म्या गाड्या अशाच हिवाळाभर झोपतात.

"बारा नाही, तेरा," बाबा म्हणाले. "तू स्वतःला धरलं नाहीस. तूही ओल्डनबुर्गहून जुनीच परत आली आहेस."

तिथल्या विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरी नसलेल्या मुलीला घरी असंच बोलतात.

मी आले होते आईसाठी. तिची फुप्फुसं घट्ट होत चालली होती. नळी नाकात लावून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन घेतल्यावर ती बसून बोलू शकत होती; चालताना चार लागायचे. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, काही करायचं राहिलंय का. आई म्हणाली, हार्ट्झच्या डोंगरात एक रात्र झोपायचंय, स्वतःच्या अंथरुणात, खिडकी उघडी टाकून. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाऊन या. त्याच्या पुढचं मी काही सांगत नाही."

आमच्या भागात सगळ्यात उंच जागा म्हणजे समुद्राचा बांध. त्यावर मेंढ्या चढतात. आई एकतीस वर्षं बेकरीच्या गल्ल्यामागे उभी राहिली आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीवर दरवर्षी हार्ट्झचं कॅलेंडर लागायचं, कारण पिठाची कंपनी तिकडची होती. सुट्टीत बाबा नेहमी समुद्रावर नेत. ते जहाजांच्या गोदीत सुतार होते. पाण्यापासून लांब गेलं की त्यांना चुकल्यासारखं वाटे.

"तिथली झाडं वाळून गेलीत म्हणे," बाबांनी तिला सांगितलं. "सालीतल्या किड्यांनी खाल्ली. डोंगरच्या डोंगर करडे पडलेत."

"बरंय," आई म्हणाली. "आजारी माणसाला भेटायला आजारी माणूस चाललाय. फुलं न्यायला नकोत."

तर काम असं होतं: तीन आठवड्यांत ही गाडी आईला झोपवून साडेतीनशे किलोमीटर नेता येईल अशी करायची. गाडी मी चालवणार होते, कारण बाबांना काचबिंदू आहे. गाडीच्या कागदावर जास्तीत जास्त वजन ३,५०० किलो, माझ्या लायसन्सवरही तेवढंच.

सगळ्या वस्तू फोकोकाकांच्या भंगारवाड्यातून आल्या होत्या. ते बाबांचे गोदीतले जुने सोबती. त्यांच्याकडे गेलं की आधी चहा होतो, तीन कप, आमच्याकडे तीनाच्या आत उठत नाहीत, आणि मग ते ढिगाऱ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "त्यात बघ. नसलं तर तुला ते नकोच होतं."

पावाच्या व्हॅनच्या फळ्यांची चाकाच्या खुर्चीसाठी उतरण केली. बसचे दांडे दारापासून पलंगापर्यंत उभे बसवले, हात एकावरून दुसऱ्यावर जाईल इतक्या अंतरावर. ते अंतर मी आईचा हात मोजून काढलं: ५४ सेंटिमीटर. न्हाणीचं दार बाहेर उघडायचं आणि खुर्चीला अडायचं, तिथे बोटीचं सरकतं दार लावलं. बॅटऱ्यांवर ऑक्सिजनचं यंत्र लावून मी घड्याळ घेऊन बसले. सहा तास पन्नास मिनिटं चाललं. उरलेल्या रात्रीसाठी दोन सिलिंडर.

खिडकीचं काम सगळ्यात लांबलं. गाडीला खिडक्या होत्या, पण बसलेल्या माणसाच्या उंचीवर. पलंगावरून फक्त आकाश दिसायचं. बाबा उशी घेऊन आडवे झाले, डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि करवत उचलली.

"थांबा," मी म्हटलं. "आई सपाट झोपत नाही. पाठ वर असते तिची. शिवाय तिचं डोकं तुमच्याहून लहान आहे."

"डोकं लहान? तिला सांगून बघ."

मी घरात जाऊन आईच्या पलंगाच्या फळीपासून तिच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर घेतलं. ६१ सेंटिमीटर. बाबांच्या खुणेहून २३ सेंटिमीटर वर. बाबांनी पेन्सिलची रेघ अंगठ्याने पुसली.

"चाळीस वर्षं जहाजं बांधली," ते म्हणाले, "आणि खिडकी समुद्रसपाटीखाली काढणार होतो."

एकवीस मार्चला खिडकी बसली. बाबांनी गाडी अंगणातल्या अंगणात मागे घेऊन अशी लावली की खिडकी बांधाकडे येईल. आईला उतरणीवरून आत नेलं. दांडे धरत ती पलंगापर्यंत स्वतः गेली, चार पावलं. मोटरने डोकं वर केलं. तिने बाहेर पाहिलं.

"मेंढ्या," ती म्हणाली.

"सराव म्हणून," बाबा म्हणाले. "डोंगर एक तारखेला."

ती चाळीस मिनिटं तिथे होती. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९१ होता, घरात ८९ असायचा. मी दोनदा तपासला.

वजनाची बेरीज मी अठ्ठावीस मार्चला केली. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहत असे आणि माझे ६२ वजा करत असे. पलंग आम्ही दोन भागांत मोजला. गोठ्यातल्या बारा वस्तू १७१ किलो, लाकूड, तारा, खिळे-स्क्रू २२. यंत्र, सिलिंडर, खुर्ची, पाणी, गॅस, कपडे, भांडी, खाणं मिळून २०१. आम्ही तिघं: मी ६२, बाबा ८८, आई ४६. पूर्ण टाकी डिझेल, ५९. आणि गाडी रिकामी, कागदावर लिहिलेली, २,९१०.

बेरीज ३,५५९ आली. ५९ किलो जास्त.

मी तीनदा केली. दरवेळी तीच आली.

स्वयंपाकघरात चहा चालू होता. आईने कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वर कढत चहा ओतला आणि खडा तडकण्याचा आवाज ऐकायला कान खाली नेला, ती नेहमी करते तसं. मग साय सोडली. ढवळायचं नसतं.

"एकोणसाठ," मी म्हटलं.

"माझं वय नाही ते," आई म्हणाली. "मला बासष्ट झाली."

"गाडी एकोणसाठ किलोंनी जास्त आहे."

बाबांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत ठेवला. "माझ्या अंदाजाने बसायला हवी. मी तिच्या स्प्रिंगा पाहिल्यात. दबलेल्या नाहीत."

"स्प्रिंगांवरून साठ किलो कळत नाहीत, बाबा."

"मला शंभर टनांच्या जहाजावर कळायचे. आणि दोन टक्के जास्त असलं तर पोलिससुद्धा नुसतं बोट दाखवतात."

"ब्रेक बोट दाखवत नाहीत. उतारावर आई मागे असेल, बांधलेली. मी नाही नेणार."

मग बाबा म्हणाले, "एक तारखेला प्लेट चालू होते. सकाळी फोकोकडे जाऊन त्याच्या काट्यावर चढवू. सहा किलोमीटर तर आहे. मग ठरवू."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. माझं उत्तरही. मी म्हटलं, "सगळं चढवा, टाकी भरा, तीन कप चहा प्या, सगळं उतरवा. अर्धा दिवस जाईल आणि काटा तेच सांगेल. त्या अर्ध्या दिवसात पाच-दहा किलो कमी होतील." मी पुढे असंही म्हटलं की आकडे आपल्याजवळ आहेत, ते परत मोजायला कशाला जायचं.

बाबांनी आईकडे पाहिलं.

"ती शिकलेली आहे," आई म्हणाली. "हार्ट्झ काही पळून जात नाही."

तिने दुसरा कप ओतून घेतला. "मीच पळाले तर पळाले."

निघायची तारीख एकवरून दहावर गेली.

मी यादी केली. जास्तीचं चाक काढलं, २१ किलो. कपाटांची ओकची दारं काढून जुन्या शिडाचं कापड शिवून लावलं, १५. टाकीत १४ लिटर पाणी कमी घ्यायचं ठरलं. पलंगाचा खालचा लोखंडी सांगाडा कापून बाबांनी त्याजागी देवदाराची चौकट केली. तेवढ्यासाठी सहा दिवस गेले, कारण मोटरचा जोर लाकडावर बसून चीर गेली आणि पहिली चौकट फुकट गेली. त्यात नऊ किलो वाचले. १७ नंबरची पट्टी असलेला पाय गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिला.

शेवटचे चार किलो मिळेनात. मी आईचा चहाचा सरंजाम पेटीतून काढला. किटली, सहा कप, बशा, सायीचं भांडं, लाल गुलाबाच्या नक्षीचे, तिच्या लग्नातले. त्याजागी पत्र्याचे तीन मग ठेवले.

"पत्र्याच्या मगात खडा तडकलेला ऐकू येत नाही," आई म्हणाली.

"चार किलो आहेत ते, आई."

"मला उतरवा मग. मी तेवढी रोडावते एका आठवड्यात."

"आई."

"बरं, ठेव मग. कैद्यांसारखा पिऊ चहा, डोंगरावर."

सहा एप्रिलला माझी बेरीज ३,४९६ झाली. मी कागद फ्रिजवर लावला. त्या संध्याकाळी आईला थंडी वाजली. सकाळी ताप १०२, आणि चार लिटरवरसुद्धा बोटाचं यंत्र ८१ दाखवत होतं. रुग्णवाहिका आली तेव्हा गोठ्याचं दार उघडं होतं आणि घरगाडी तोंड बाहेर करून उभी होती, सामान भरलेली.

इस्पितळात तिला मास्क लावला. दुसऱ्या दिवशी तो काढून थोडा वेळ बोलता आलं. परिचारिकेने कागदी कपात चहा आणला, पिशवीचा, साखर पुडीतली, ढवळायला लाकडी काडी. आईने दोन घोट घेतले आणि काडी कपात उभी ठेवली.

आमच्याकडे कपात चमचा ठेवला की आता पुरे, आणखी ओतू नका. पाहुणा तिसऱ्या कपानंतर ठेवतो. बाबा बराच वेळ त्या काडीकडे बघत बसले.

"खिडकी चांगली काढलीस, हाब्बो," आई त्यांना म्हणाली.

"हिस्केने मोजलं. मी खाली काढणार होतो."

"हो का?" तिने माझा हात शोधला. "मग हिस्केने चांगली काढली."

चौदा एप्रिलला पहाटे ती गेली.

दफन झाल्यावर पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, बॅटऱ्या फोकोला परत देऊ, कुणाच्या तरी कामी येतील. गाडीही विकू. मी गाडी चालवत नेली, तिच्यातलं बरंचसं सामान तसंच होतं.

फोकोकाका बाहेर आले. "मॉइन," त्यांनी आमच्याकडचा नमस्कार केला, आणि बाबांच्या दंडाला धरून उभे राहिले. मग आत चहा झाला. तिसऱ्या कपावर त्यांनी गाडीचा कागद मागितला, किंमत किती सांगायची ते बघायला. चष्मा कपाळावर ढकलून वाचू लागले.

"दोन हजार नऊशे दहा. म्हणजे खोली धरून. बरी आहे हलकी. घेणाऱ्याला सांगायला बरं, दोन माणसं आणि सामान घेऊन आरामात बसेल."

"आरामात नाही," मी म्हटलं. "रिकामीच इतकी आहे. वर चालवणारा आला, डिझेल आलं."

"ते यातच असतं गं."

"काय यात असतं?"

"चालवणारा. पंच्याहत्तर किलोचा एक माणूस, आणि नव्वद टक्के टाकी. कागदावर रिकामी म्हणजे चालवायला तयार, असं धरतात. कायमचंच आहे ते. घरगाडीवाले सगळे यातच फसतात. माझ्याकडे दरवर्षी दोघं-तिघं तरी येतात, बायकोचे बूट फेकून देऊन." ते हसले, मग आमची तोंडं पाहून थांबले. "का? काय झालं?"

बाबांनी चमचा कपात ठेवला.

मी कागद घेतला आणि परत वाचला. त्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मी तो मार्चमध्येही हातात घेतला होता, पण फक्त आकडा उतरवला होता.

आम्ही घरी परतलो. फाटकापाशी मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "एकशे अठ्ठावीस किलो मी दोनदा धरले. आपण एक तारखेला निघू शकत होतो. तुम्ही म्हणाला होतात काट्यावर जाऊ."

"मी म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "स्प्रिंगांवरून नक्की कुणालाच कळत नाही. मलाही नाही. जास्तसुद्धा निघाली असती."

"पण निघाली असती का?"

ते दार उघडून खाली उतरले. रात्री ते लवकर झोपायला गेले. मी फ्रिजवरचा कागद काढला, पण फेकला नाही.

सकाळी नऊला मी गोठ्यात गेले तर बाबा आधीच तिथे होते. ओकची दारं त्यांनी भिंतीपासून काढून गाडीजवळ आणून ठेवली होती.

"मोजल्याशिवाय तुला झोप लागायची नाही," ते म्हणाले. "आणि नुसत्या बेरजेवर आता माझाही विश्वास नाही. सगळं परत चढव. तेव्हा होतं तसं."

आम्ही सगळं चढवलं. दारं, जास्तीचं चाक. पलंगाचे कापलेले लोखंडी तुकडे आडवे टाकले, १७ नंबरच्या पायासकट. लाकडी चौकट आत होतीच, म्हणजे सात किलो जास्तच. पाण्याची टाकी काठोकाठ. बॅटऱ्या फोकोकाकांना द्यायच्या राहिल्या होत्या, त्या जागेवरच होत्या. पत्र्याचे मग काढून बाबांनी चहाच्या सरंजामाची पेटी जागेवर ठेवली, कप वर्तमानपत्रात गुंडाळून, सहाच्या सहा. ऑक्सिजनचं यंत्र आणि सिलिंडर कंपनीने परत नेले होते. त्यांच्याऐवजी बांधाच्या कामाची वाळूची दोन पोती मी न्हाणीघरातल्या काट्यावर भरली, अठरा-अठरा किलोंची.

एक आकडा राहिला होता. मी तळघरातून पाण्याचे कॅन आणले: वीस लिटर, वीस लिटर आणि सहा. बाबांनी एकेक घेऊन ते पलंगावर ठेवले, लहान कॅन डोक्याकडे. मोटर चालू करून डोकं वर केलं. मग पट्टा ओढून तिन्हींवरून बांधला आणि दोनदा हलवून पाहिला.

"वळणावर घरंगळायला नकोत," ते म्हणाले.

वाटेत मी डिझेलची टाकी भरली. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी पट्टा लावला का ते मी बघितलं.

फोकोकाकांनी फाटक उघडून ठेवलं होतं. त्यांनी काट्यावर उभा असलेला ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि आपल्या काचेच्या खोलीत गेले. काटा दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो. मी गाडी हळूच वर घेतली, चारही चाकं लोखंडी पाटावर आली तशी थांबले, इंजिन बंद केलं आणि बाबांबरोबर आत बसून राहिले. खोलीवरच्या पाटीवर आकडे थोडे खालीवर झाले आणि स्थिरावले.

३,४३० किलो.